मानशीची फळी कोण उघडतं? लॉच्या मुलांना पाण्याचा कायदा शिकवताना

मी डिचोलीची, वकिली करते, जास्त करून जमिनीच्या आणि कुळा-मुंडकारांच्या केसेस (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा). पणजीतल्या एका लॉ कॉलेजमधून फोन आला की पर्यावरण कायद्याच्या मुलांसाठी पाण्याचा कारभार आणि क्लायमेट जस्टिस यावर एक ट्रेनिंग घ्याल का, वर्गात थोडं आणि बाकी गावांत फिरून, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कारण कोर्टात रोज बघते ना, पाण्याचं भांडण घेऊन माणूस येतो आणि वकिलाला नेमकं कुठे जायचं हेच ठाऊक नसतं, मामलेदार की पंचायत की जलस्रोत खातं की पुण्याला एनजीटी, म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, आणि तो ठरवेपर्यंत मुदत निघून जाते.

पहिल्याच दिवशी मुलांना विचारलं की पाण्याचा प्रश्न म्हटल्यावर डोक्यात काय येतं, तर सगळी एका सुरात म्हादई. साहजिक आहे. गोव्यात जन्मलेलं पोर म्हादईचं नाव ऐकतच मोठं होतं, आणि सत्तरीतल्या मुलांसाठी तर ती घराजवळची नदी. म्हणून सुरुवात तिथूनच केली. खानापूर तालुक्यात उगम, सत्तरीत प्रवेश, पुढे मांडवी. १९५६चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा, त्याखाली २०१०मध्ये नेमलेला लवाद, १४ ऑगस्ट २०१८चा निवाडा, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. मुलांना आकडे पाठ होते पण एक टीएमसी म्हणजे किती हे कोणालाच सांगता आलं नाही, साधारण २,८३० कोटी लिटर, हे फळ्यावर शून्यांसकट लिहिलं तेव्हा वर्ग जरा गप्प झाला. मग कर्नाटकाच्या त्या १३.४२ची फोड करायला लावली. त्यात ८.०२ वीजनिर्मितीसाठी आहे, आणि ज्याच्यावरून एवढं रान उठलं ते कळसा-भांडुरा या नाल्यांचं खोऱ्याबाहेर वळवायचं पाणी ३.९. आकडा छोटा म्हणून परिणाम छोटा असं नाही हं, उन्हाळ्यात नदीत किती पाणी उरतं त्यावर सगळं आहे. पण वकिलाला आकडा कुठला आणि कशाचा हे माहीत पाहिजे, नाहीतर समोरचा एका वाक्यात खोडून काढतो.

यानंतर मी एकच प्रश्न दिला. त्या लवादापुढे सत्तरीतला शेतकरी बोलू शकतो का? मुलांनी कायदा उघडला, घटनेचं कलम २६२ वाचलं, १९५६च्या कायद्याचं कलम ११ वाचलं. तंटा राज्यांमधला, पक्षकार राज्यं, आणि इतर कोर्टांना दरवाजा बंद. निवाड्यानंतर गोवा सुप्रीम कोर्टात गेला तोही राज्य म्हणूनच. म्हणजे ज्याची बागायत नदीकाठी आहे, ज्याचं गाव पुरात जातं, तो या सगळ्यात कुठे बसतो तर राज्याच्या पाठीमागे, आणि राज्याने त्याचं म्हणणं मांडलं तरच मांडलं जातं. वाळपईकडची एक मुलगी होती, ती म्हणाली, "मॅडम, मग आम्ही शिकून काय करायचं?" खरं सांगते, या ट्रेनिंगचा पुढचा सगळा आराखडा मी त्या प्रश्नावरून बदलला. म्हादई सोडली नाही, पण ती बाजूला ठेवून जिथे साधा माणूस स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, अपील करू शकतो, अशा पाण्याकडे मुलांना न्यायचं ठरवलं. आणि गोव्यात अशी जागा म्हणजे खाजन.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. खाडीच्या, नदीच्या कडेला मातीचे आणि चिऱ्यांचे बांध घालून आमच्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्यातून जमीन सोडवली, शेकडो वर्षांपूर्वी, आणि आजही राज्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन सांगितली जाते. बांधात मानस असते, लाकडी फळ्यांचं दार. भरती आली की नदीचं पाणी फळी दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं. आत कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात, पोंयीत, म्हणजे मानशीजवळच्या डोहात, मासळी. हे सगळं एका दारावर चालतं आणि त्या दारावर पूर्वी गावाचं, म्हणजे कोमुनिदादीचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि बोंउसाचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघाचं, लक्ष असायचं. लिबरेशननंतर १९६४चा कूळ कायदा आला, मग १९७५चे कुळांच्या सामूहिक जबाबदारीचे नियम, आणि त्याखाली टेनंट असोसिएशन, म्हणजे कुळांची संघटना. तिच्यावर मामलेदाराची देखरेख. आणि मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीला, म्हणजे लिलावाला, निघतो. ज्याने पावणी घेतली त्याला जास्त मासे पाहिजेत, म्हणजे जास्त खारं पाणी आत पाहिजे, आणि ज्याचं शेत आहे त्याला पाणी बाहेर पाहिजे. आता विचार करा, फळी कोणाच्या हातात असेल तर कोणाचं नुकसान होईल. पाण्याचा कारभार हा एवढा मोठा शब्द मुलांना कळला तो या फळीपाशी.

आम्ही गेलो ते बार्देशातलं शापोरा नदीकाठचं एक गाव, नाव घालत नाही कारण तिथला मामला अजून चालू आहे. कॉलेजची बस दुपारी मिळत होती पण मी भरतीचं वेळापत्रक बघून सकाळची वेळ मागितली, पुनवेच्या आसपासचा दिवस धरला, कारण मोठी भरती बघितल्याशिवाय बांध म्हणजे काय ते कळत नाही. यावरून थोडी ओढाताण झाली पण मी हटले नाही. तुम्ही कधी असं ट्रेनिंग घेतलंत तर एवढं ऐका, कार्यक्रम भरतीला विचारून ठरवा. त्या दिवशी नदी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी पडत होती आणि पलीकडे शेत तिच्यापेक्षा खाली, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं. एकाने वर्गात आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचा, अहवाल वाचला होता, १९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली, तो हाताने वीत मोजत उभा होता आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्या गावात बांध फुटून काही वर्षं झालीत. आत खारं पाणी भरतं आणि उतरतं, भात नाही, आणि जिथे भात व्हायचं तिथे आता तिवरं, म्हणजे खारफुटी उभी आहे, माणसाच्या डोक्याहून उंच. मुलं शेतकऱ्यांशी बोलायला बसली, मी मुद्दाम लांब राहिले. मी आधी बजावलं होतं की प्रश्नावली काढायची नाही, पहिले ऐकायचं आणि मग विचारायचं ते फक्त चार गोष्टी, कधी झालं, कोणाला कळवलं, कागद काय आहे, खर्च कोणी केला. "कधी" या प्रश्नावरच पाऊण तास गेला. म्हातारे काका म्हणाले, "चवथीच्या आधी." कुठल्या वर्षीची चवथ? यावर घरात दोन मतं. सुनेने सांगितलं की धाकटा पहिलीत गेला ते वर्ष. मग मुलग्याच्या मोबाईलमध्ये फोटो सापडला, बांधाला भगदाड पडलेलं, खाली तारीख. ती मुलं ज्या उत्साहाने नाचली ना! कारण आदल्या आठवड्यात वर्गात एनजीटी कायद्याचं कलम १४ झालं होतं, सहा महिन्यांची मुदत, फार तर आणखी ६० दिवस, आणि नुकसानभरपाई आणि पूर्ववत करण्यासाठी कलम १५ला पाच वर्षं. फोटोची तारीख बघितल्यावर कलम १४ गेलंय आणि कलम १५ अजून उघडं आहे हे त्यांचं त्यांनी बांधावर बसून काढलं. वर्गात हेच शिकवलं असतं तर परीक्षेपुरतं राहिलं असतं.

कागदाचा भाग मात्र कंटाळवाणा आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. एक-चौदाचे, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचे, उतारे काढले. ज्यांनी गोव्याचा उतारा बघितला नाही त्यांना सांगते, त्यात लागवडीच्या जमिनीचे रकाने आहेत, जिरायत, बागायत, तरी (भाताची जमीन), आणि चक्क खाजन, केर, मोरड असे वेगळे. म्हणजे सर्वेच्या वेळी ही जमीन खाजन म्हणून नोंदली गेली, सरकारच्याच कागदावर. मुलांनी प्रत्येक सर्वे नंबरचा खाजनाचा रकाना तपासून तक्ता केला, मालक कोण, कूळ कोण, किती क्षेत्र. कुळांच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी मेलेल्या माणसांची नावं, वारस नोंदलेले नाहीत, आणि बाईचं नाव तर शोधून सापडेना, जरी शेतात लावणी करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. आता उद्या नुकसानभरपाई आली तर ती उताऱ्यावरच्या नावाला येणार. क्लायमेट जस्टिसवर दोन लेक्चरं देऊन जे सांगता आलं नसतं ते त्या तक्त्याने सांगितलं, हवामानाचा फटका ज्याच्या अंगावर पडतो त्याचं नावच कागदावर नाही.

तालुक्याच्या कार्यालयात टेनंट असोसिएशनचे हिशेब बघायला मागितले तर टोलवाटोलवी झाली, मग माहिती अधिकारात अर्ज. एका मुलाने त्यात "बांधाच्या दुरुस्तीबाबत सर्व माहिती द्यावी" असं लिहून आणलं, मी परत पाठवलं, असा अर्ज म्हणजे उत्तर न देण्याची सोय. शेवटी अर्ज असा झाला, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत पावणीची रक्कम किती, ती कुठल्या खात्यात जमा, त्यातली बांधावर किती, मानशीच्या फळ्या शेवटच्या कधी बदलल्या, मृदसंधारण विभागाकडे अंदाजपत्रक गेलं का आणि गेलं असेल तर त्याची प्रत. अर्ज मराठीत लिहिला. काही मुलांना कायद्याचं मराठी जड जात होतं, शाळा-कॉलेज इंग्रजीतून, घरी कोंकणी, पण गावात ज्याला अर्ज वाचून दाखवायचा त्याला समजला पाहिजे ना. मग "प्रतिवादी", "दाद", "अंतरिम" हे शब्द हळूहळू त्यांच्या तोंडी बसले.

आता खारफुटी. मला वाटतं पूर्ण ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त डोकं इथे चाललं. खारफुटी तोडता येत नाही, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांत, ती सगळ्यात कडक गटात, आणि १९८४च्या आपल्या झाडांच्या कायद्याचंही तिला संरक्षण. आणि त्याच सीआरझेडच्या २०११च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास लिहिलंय की खाजन जमिनी राखायच्या, त्यांचे नकाशे करायचे, व्यवस्थापन आराखडा करायचा, तिथे बांधकाम-बिंधकाम होऊ द्यायचं नाही. मग बांध फुटून जिथे खारफुटी आली ती जमीन खाजन की खारफुटीचं जंगल? शेतकरी म्हणतो माझं शेत. पर्यावरणवाला म्हणतो हीच झाडं वादळात किनारा वाचवतात, माशांची पिल्लं इथेच वाढतात. दोघंही खरं बोलतायत. आणि एक तिसरा असतो, ज्याला ही जमीन पडीक राहिलेलीच हवी असते, म्हणजे पुढेमागे भराव टाकता येईल, तो सुनावणीला येतच नाही.

आम्ही गावच्या देवळाच्या मंडपात लुटुपुटूची सुनावणी घेतली, मूट कोर्ट म्हणतात तसं पण काळे कोट नाहीत आणि भाषा मराठी-कोंकणी. कोणी कूळ झालं, कोणी वन खातं, कोणी पावणीदार, कोणी कोमुनिदाद, कोणी पंचायत. वन खात्याची बाजू मांडणाऱ्या मुलीने इतकं जोरदार मांडलं, सावधगिरीचं तत्त्व, १९९६चा वेल्लोर निकाल, १९९६चाच कमल नाथ निकाल, नद्या-किनारे ही जनतेची ठेव आणि सरकार फक्त विश्वस्त, की कुळाची बाजू घेतलेला मुलगा अडखळला. तेव्हा मागे बसलेले एक काका उठले. म्हणाले, बांधाच्या भायर जी तिवरां आसात ती आमी केन्नाच मारूंक ना, ती लाट अडवतात, आमच्या बापजाद्यांनीच राखलीत. आमचं म्हणणं आतल्यांबद्दल. त्यांनी एका वाक्यात जो मुद्दा आणला तो आमच्यापैकी कोणाच्याही टिपणात नव्हता. बाहेरची खारफुटी बांधाला धरून ठेवते, आतली वाढली ती बांध फुटला म्हणून. म्हणजे वाद झाड विरुद्ध शेत असा नाहीच, बांध वेळेवर कोणी दुरुस्त केला नाही हा वाद आहे, आणि त्याला उत्तरदायी कोण ते नियमांत लिहिलेलं आहे. त्यानंतर मुलांनी मागणी नव्याने लिहिली. पहिली, पावसाआधी भगदाड बुजवा आणि मानस दुरुस्त करा. दुसरी, बांधाच्या बाहेरची खारफुटी नकाशावर घेऊन कायमची राखा. तिसरी, आत काय होतं ते जुने उतारे आणि जुनी उपग्रह छायाचित्रं लावून ठरवा, आणि आतल्या झाडांबद्दल तज्ज्ञांनी बघून आणि कुळांना ऐकून निर्णय द्या, एकतर्फी नको.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. २१ मार्च २०२४ला सुप्रीम कोर्टाने रणजितसिंह खटल्यात, माळढोक आणि विजेच्या तारांचा तो खटला, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१मध्ये आहे असं मान्य केलं. फार मोठी गोष्ट आहे, मी ते वाचलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं. पण मुलं आता प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत तो निकाल टाकतात आणि पुढे सर्वे नंबर नाही, तारीख नाही, प्रतिवादी कोण ते नाही. तसा अर्ज मी परत करायची. आधी भगदाड कुठे, कधी, किती लांब, कळवलं कोणाला, त्याने काय केलं नाही, आणि कोर्टाने नेमका काय हुकूम द्यावा. एवढं पक्कं झालं की मग तो निकाल लावा, मग त्याला वजन येतं.

भूजलाचा दिवस लहान झाला, त्याबद्दल थोडक्यात. २००२चा गोवा भूजल नियमन कायदा, विहीर किंवा बोअर मारायला भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते, टँकरने पाणी न्यायलाही लागते. मुलं किनाऱ्याकडच्या एका गावात सकाळी टँकर भरताना बघायला बसली, नंबर टिपले, कुठल्या विहिरीतून आणि कुठे जातं ते टिपलं. शेजारच्या घरांच्या विहिरी मार्चनंतर खाऱ्या लागतात असं बायका सांगत होत्या. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी हे, म्हणून पाऊस किती पडला यापेक्षा उपसा किती आणि कोणाच्या परवानगीने हे बघायला शिकवलं.

त्या वाळपईच्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. २३ जुलै २०२१चा पूर ज्यांनी सत्तरी, डिचोली, फोंड्यात बघितला त्यांना सांगायला नको. तिच्या वाड्यावर मातीची घरं पडली होती. तिने आपला प्रोजेक्ट त्याच घरांवर केला. काही कुटुंबं मुंडकार, घर त्यांचं आणि खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आणि मदतीच्या अर्जाला जोडायचे कागद मागताना जमीन कोणाची हा प्रश्न आला की गाडं अडायचं. तिने १९७५चा मुंडकार कायदा घेऊन बसून त्या घरांची मुंडकार म्हणून नोंद आहे की नाही ते एकेक करून तपासलं. ज्यांची नव्हती त्यांचे नोंदणीचे अर्ज तयार केले, आणि कॉलेजच्या कायदा मदत केंद्रातून ते दाखल झाले. पुराच्या आधी नोंद असेल तर पुरानंतर धावावं लागत नाही, असं ती प्रेझेंटेशनमध्ये म्हणाली आणि लगेच पुढच्या स्लाइडवर गेली. मी परीक्षक म्हणून बसले होते, मला ते थांबवून पुन्हा म्हणायला लावावंसं वाटलं.

सगळं छान झालं असं नाही. काही मुलं सर्टिफिकेटसाठी आलेली, ती बांधावर पण मोबाईलमध्येच होती. दोन-तीन सत्रांना वेळ पुरला नाही, सांडपाण्याचा विषय आणि १९७४चा जलप्रदूषण कायदा नुसता उरकला, त्याला स्वतंत्र ट्रेनिंग लागेल. आणि गावाला आपण काय देणार हा प्रश्न मोठा आहे. मुलं येतात, फोटो काढतात, रिपोर्ट लिहितात, निघून जातात, असं गावाने आधी बघितलंय आणि तसं त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं. म्हणून अट घातली की प्रत्येक गटाने गावाच्या हातात किमान एक चालणारा कागद ठेवूनच यायचं, उताऱ्यांचा तक्ता, वारस नोंदीचे अर्ज, ग्रामसभेचा ठराव, काहीही, पण ज्यावर गाव आपल्या सहीने पुढे जाऊ शकेल.

सध्या स्थिती अशी आहे. रविवारच्या ग्रामसभेत बांधाचा ठराव मांडला गेला आणि मंजूर झाला, तो मृदसंधारण विभागाला पाठवलाय. वारस नोंदीचे अर्ज मामलेदाराकडे आहेत, त्यांत पहिल्यांदाच बायकांची नावं गेलीत. पावणीच्या हिशेबाचं उत्तर आलं ते अर्धवट, रकमा दिल्या पण बांधावर काय खर्च केला ते दिलं नाही, त्यामुळे पहिलं अपील केलंय, ते ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि आम्ही केलं. सुनावणीची नोटीस आली की त्या मुलांपैकी दोघं काकांबरोबर जाणार आहेत, बोलणार काकाच.